एकच गाडी, दोनदा इंटरकूलर होज

तक्रार नेहमीची होती. गाडी चढाला ओढत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर सोडते, आणि मधूनच चेक लाइट लागून असा दम टाकते की दोन हजार आरपीएमच्या वर जायला मागत नाही. बंद करून पुन्हा चालू केली की तासभर बरी चालते. मालकांनी गाडीबरोबर निदानही आणलं होतं. आधी दाखवलेल्या ठिकाणी त्यांना सांगितलं होतं, टर्बो गेला, नवा टाका.

"तुम्ही फक्त खात्री करून सांगा," ते म्हणाले. "टर्बो गेलाच असेल तर मी गाडीच काढून टाकतो."

गाडी अठरा वर्षांची, २ लाख ६० हजार किलोमीटर चाललेली फोर बाय फोर. तीन लिटरचं चार सिलिंडर कॉमन रेल डिझेल इंजिन, व्हेरिएबल व्हेनचा, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलता येणारा टर्बो, इंटरकूलर पुढे रेडिएटरच्या तोंडाशी, आणि लो रेंजचा, म्हणजे खड्या चढासाठी गिअरची ताकद आणखी वाढवणारा ट्रान्स्फर केस. मालक ती कच्च्या रस्त्यावर आणि खड्या चढावर खरोखर वापरणारे. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा जॉब कार्डावर लिहिलं आणि विसरलो. पुढे त्याची आठवण काढावी लागली.

ज्यांना हवेचा मार्ग माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. एअर फिल्टरमधून आलेली हवा आधी हवा मोजणाऱ्या सेन्सरवरून, म्हणजे मॅफवरून जाते, मग टर्बोत शिरते. टर्बो ती दाबतो आणि दाबलेली हवा तापते. जोरात चालणाऱ्या इंजिनात ती टर्बोतून १४० अंशांच्या आसपास बाहेर पडते. ती इंटरकूलरमधून ५० अंशांपर्यंत खाली आली, तर त्याच दाबाला हवेची घनता साधारण २८ टक्क्यांनी वाढते, तेवढा जास्त ऑक्सिजन सिलिंडरमध्ये जातो. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा रबरी पाइप तो गरम होज आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीपर्यंतचा, तो थंड होज, असं आम्ही म्हणतो. मॅनिफोल्डवर दाब मोजणारा मॅप सेन्सर बसलेला असतो. एवढ्यावर पुढचं सगळं कळेल.

आकडे काय म्हणत होते

स्कॅनरवर पी-०२९९ होता, म्हणजे बूस्ट कमी. हा कोड वाचूनच बहुतेक टर्बोंना फाशी होते. पण कोड एवढंच सांगतो की कंट्रोल युनिटने मागितलेला दाब मॅनिफोल्डपर्यंत पोचला नाही. टर्बोने तो तयार केलाच नाही की तयार होऊन वाटेत सांडला, हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून लाइव्ह डेटा लावून गाडी चढावर नेली. तिसरा गिअर, पूर्ण ॲक्सिलरेटर, २,२०० आरपीएम. मागणी २३० किलोपास्कलची, मॅपवर मिळत होते १६५. हे आकडे निरपेक्ष दाबाचे, म्हणजे बाहेरच्या हवेचे १०० त्यातून वजा केले की खरा बूस्ट. व्हेन हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला कंट्रोल युनिट जवळजवळ शेवटच्या टोकापर्यंत ढकलत होतं. आता मॅफ बघितला: सेकंदाला ११२ ग्रॅम हवा.

इथे कागद-पेन्सिल काढली. तीन लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला दीड लिटर हवा घेतं. २,२०० फेऱ्यांना सेकंदाला ५५ लिटर. मॅनिफोल्डमधला दाब १६५ आणि तापमान ५५ अंश धरलं तर त्या हवेचं वजन घनमीटरला पावणेदोन किलोच्या आसपास येतं. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, ८८ टक्के धरले. उत्तर येतं सेकंदाला ८५ ग्रॅम. ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा आत सोडणारा व्हॉल्व्ह, पूर्ण लोडवर बंद असतो, त्यामुळे तिकडून घोळ नाही. मग इंजिन ८५ ग्रॅम पितंय आणि सेन्सरवरून ११२ ग्रॅम जातेय, तर मधली २७ ग्रॅम कुठे गेली?

टर्बो खरोखर थकलेला असता किंवा फिल्टर चोंदलेला असता, तर मॅप आणि मॅफ दोन्ही कमी दिसले असते. मॅप कमी आणि मॅफ भरपूर, ही जोडी दिसली की टर्बोकडे नंतर बघावं, आधी त्याच्या पुढचे होज चाचपावेत. माझ्या मते या एका तुलनेत दोन मिनिटं घालवली असती तर ही गाडी माझ्याकडे आलीच नसती. काळ्या धुराचं उत्तरही त्यातच होतं. कंट्रोल युनिट ११२ ग्रॅम हवेच्या हिशेबाने डिझेल सोडत होतं आणि सिलिंडरमध्ये त्यातली जवळजवळ चौथाई हवा पोचत नव्हती. न जळलेल्या डिझेलची काजळी मागून बाहेर.

गळती शोधायला बोनेट उघडून आयडलवर कान लावणं व्यर्थ आहे. आयडलला बूस्ट नसतोच. आधीच्या ठिकाणी तसंच बघून "होज चांगले आहेत" म्हटलं गेलं असावं. आम्ही टर्बोच्या तोंडाला रबरी बूच बसवलं, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह घातलेला, आणि रेग्युलेटरमधून हवा सोडली. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातले वायू बाहेर नेणारा पाइप आधी बंद करावा लागतो, नाहीतर दाब थेट त्या पोटात, क्रँककेसमध्ये जातो आणि ऑइल सील पणाला लागतात. ऑइलचं झाकणही सैल करून ठेवलं. झाकणातून येणारा बारीक फुसफुस आवाज ऐकून काहीजण पिस्टन रिंग गेल्या म्हणतात. उभ्या इंजिनात कुठलातरी व्हॉल्व्ह उघडा असतोच, तेवढी हवा खाली जाणार.

०.३ बारला काही नाही. ०.५ बारला गरम होजच्या खालच्या बाजूने साबणाच्या पाण्यात चार बुडबुडे. ०.८ ला फर्रर्र आवाज आला आणि साबणाचं पाणी माझ्या चष्म्यावर. बूच उडण्याची भीती असते, म्हणून तोंड कधी समोर ठेवायचं नाही हा नियम मीच गॅरेजमधल्या मुलांना सांगतो. असो.

हात घालून बघितलं तेव्हा होजच्या वळणावर, अगदी पोटाशी, पाचेक सेंटिमीटर लांबीची चीर लागली. दाब नसताना ती ओठ मिटल्यासारखी बंद. नख फिरवलं तरी जेमतेम अडकायचं. दाब आला की दोन मिलिमीटर उघडायची. वरून आरसा न धरता बघणाऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं. होजच्या त्या जागी बाहेरून घासल्याचा चकचकीत पट्टा होता, तळहाताएवढा रुंद, शेजारच्या ब्रॅकेटच्या कडेशी बरोबर जुळणारा. तो पट्टा मी बघितला, फोटोही काढला, आणि मनात म्हटलं, जुना होज, थोडा लोंबला असेल.

टर्बो तोवर निर्दोष सुटला होता, तरी होज निघालाच आहे तर म्हणून त्याचा शाफ्ट बोटांनी हलवून बघितला. आडवा किंचित खेळ असतोच, तो ऑइलच्या थरावर फिरणारा शाफ्ट आहे. पुढे-मागे खेळ जाणवत नव्हता, पाती बाहेरच्या कवचाला कुठे लागलेली नव्हती. मात्र असा फाटका होज घेऊन गाडी वर्षभर चालवली असती तर टर्बो गेला असता. कंट्रोल युनिट दाब भरून काढायला व्हेन दाबत राहतं, आधीच मिनिटाला लाखभर फेरे घेणारं चाक आणखी पळवलं जातं.

होज सोडवताना

गरम होज मूळचाच होता. तीन थरांचं रबर, मध्ये धाग्याचं विणकाम, आणि टर्बोकडच्या टोकाजवळ दोन वळ्या, पंपाच्या भात्यासारख्या. आतून हात फिरवला तर बोटं काळ्या ऑइलने माखली आणि आतला थर सालीसारखा सुटून आला. क्लॅम्पखालचा भाग लाकडासारखा कडक, बाकीचा मऊ. उष्णता आणि ऑइल यांचं हे रोजचं काम, त्यात नवल नाही.

थंड होजची गोष्ट वेगळी. तो कधीतरी कुणीतरी बदललेला होता, आणि बदलून घातलेला तुकडा चक्क रेडिएटरच्या होजचा होता. व्यास जुळला, घातला. पाण्याचे होज साधारणपणे ईपीडीएम रबराचे असतात. कूलंटमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतात, इंजिन ऑइलमध्ये मात्र फुगतात. हा होज इतका फुगला होता की अंगठा दाबला की खड्डा पडून तसाच राहायचा. अजून फाटला नव्हता एवढंच.

ऑइल तिथे येतं ते ब्रीदरमधून. रिंगांच्या बाजूने क्रँककेसमध्ये निसटलेले वायू ऑइलची वाफ घेऊन टर्बोच्या आधी हवेत मिसळतात. पाइपांच्या आतून तेलकट थर असणं कोणत्याही टर्बो डिझेलला चालतं. पण इंटरकूलर खाली उतरवून उपडा केला तेव्हा दीडशे मिलिलिटर ऑइल भांड्यात पडलं. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर होती. मालक दर लांबच्या प्रवासाआधी "थोडं टाकून ठेवत" होते. ब्रीदरमधला ऑइल वेगळं करणारा भागही काजळीने भरलेला निघाला. तो धुतला, पातळी खाली आणली.

इंटरकूलर धुण्याबद्दल मी थोडा जास्त बोलतो, कारण इथे चूक झाली तर इंजिनच जातं. डिझेल इंजिनाला जळायला हवेतून आलेलं काहीही चालतं. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल किंवा धुताना राहिलेलं सॉल्व्हंट एकदम ओढलं गेलं की इंजिन स्वतःच रेस होतं, आणि चावी फिरवूनही थांबत नाही, कारण चावीने बंद होतं ते पंपातून येणारं डिझेल. मग हवा बंद करणं एवढाच उपाय उरतो. म्हणून धुतलेला इंटरकूलर उपडा ठेवून रात्रभर निथळू दिला आणि सकाळी दोन्ही तोंडांतून कोरडी हवा मारली, फडक्यावर डाग येईनासा होईपर्यंत.

नवे होज कोणते घ्यायचे यावर मालकांशी थोडी चर्चा झाली. त्यांना दोन्ही सिलिकॉनचे हवे होते, निळे, चमकदार. सिलिकॉन उष्णतेला उत्तम, पण साध्या सिलिकॉनमधून ऑइल झिरपतं. काही महिन्यांत होज बाहेरून घामेजल्यासारखा दिसतो आणि क्लॅम्पखाली निसरडा होतो. आतून फ्लुओरोसिलिकॉनचं अस्तर असलेला घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर मूळ घडणीचा रबरी बरा, हे माझं मत. गरम बाजूला मूळ घडणीचा, वळ्यांसकट मिळाला. थंड बाजूचा मिळेना, तिथे अस्तराचा, चार पदरी, ६० मिलिमीटर आतल्या व्यासाचा सरळ सिलिकॉनचा तुकडा घातला. सरळ, म्हणजे वळ्या नसलेला. त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. जुना होज पाइपला चिकटला असेल तर स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटू नये. ॲल्युमिनियमच्या तोंडावर ओरखडा पडला की तीच नवी गळती. लांबीत चिरून सोलून काढावा, तो टाकायचाच आहे. पाइपची तोंडं ब्रेक क्लीनरने पुसून करकर वाजेपर्यंत कोरडी केली. होज सरकवायला ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही. अगदीच जात नसेल तर साबणाच्या पाण्याचा हात, ते सुकून जातं. पाइपच्या टोकाला उभार कड असते, क्लॅम्प त्या कडेच्या मागे बसला पाहिजे. कडेवर बसलेला क्लॅम्प घट्ट वाटतो आणि पहिल्याच चढाला सरकतो. सिलिकॉनवर खाचा आरपार असलेली साधी वर्म क्लिप लावली तर त्या खाचांमधून सिलिकॉन बाहेर येऊन कापला जातो, म्हणून तिथे आतून सपाट पट्टीचा टी-बोल्ट क्लॅम्प. नवं रबर दोन-तीनदा तापून गार झालं की थोडं बसतं. तेव्हा आठवड्याने बोलावून क्लॅम्प पुन्हा तपासले.

चाचणीत त्याच चढावर, त्याच आरपीएमला २२८ किलोपास्कल मिळाले. मॅफ १२१ ग्रॅम, आणि नव्या दाबाने केलेला हिशेब ११७. धूर नाही. टर्बो टाकावा लागला नाही म्हणून मालक खूष, आणि खरं सांगायचं तर मीही जरा फुगलो होतो.

पुन्हा तीच गाडी

चार महिन्यांनी फोन आला. लो रेंजमध्ये एका खड्या चढावर असताना बोनेटखालून फटाक्यासारखा आवाज झाला आणि गाडीचा जीवच गेला. थंड होज मॅनिफोल्डकडच्या तोंडावरून निखळला होता. ते तशीच चार किलोमीटर हळूहळू चालवत मुख्य रस्त्याला आले. ही गोष्ट करू नये. होज निघालेला असला की इंजिन फिल्टर टाळून तिथूनच हवा ओढतं, धुळीसकट. मॅनिफोल्डच्या तोंडाशी बोट फिरवलं तर बारीक माती होतीच. होज पुन्हा चढवून, क्लॅम्प आवळून, ॲक्सिलरेटर अगदी हलका ठेवून आले असते तर ते टळलं असतं.

पहिला संशय माझ्याच कामावर. क्लॅम्प सैल राहिला? नाही, तो होजवर जागच्या जागी घट्ट होता. होजच्या आत पाइपच्या कडेने पडलेली चकती स्पष्ट दिसत होती, म्हणजे क्लॅम्प कडेच्या मागेच बसला होता. तोंड थोडं ओशट, पण निसरडं म्हणावं इतकं नाही. मग होज उलटा करून उजेडात धरला. बाहेरून, एका बाजूला, ब्रॅकेटशी घासल्याचा चकचकीत पट्टा. नवा होज, चार महिने, आणि गरम होजवर फोटो काढून ठेवलेला होता तसाच पट्टा.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. इंटरकूलर चॅसिसला बोल्टने आवळलेला आहे, तो हलत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं आहे, ते हलतं. या दोघांमधलं अंतर होज सांभाळतो. मूळच्या गरम होजला वळ्या होत्या त्या त्यासाठीच, आणि थंड बाजूला मी सरळ तुकडा घातला होता.

इंजिनावर आणि शेजारच्या बॉडीवर एका रेषेत खडूची खूण केली. हँडब्रेक ओढला, चाकांना ठोकळे लावले, मी बाजूला उभा राहिलो आणि मुलाने लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच अर्धा सोडून पुन्हा दाबला. खुणा चार सेंटिमीटरनी फाटल्या आणि क्लच दाबताच इंजिन धपकन खाली बसलं. उजवं माउंटिंग काढलं तर रबर धातूच्या पत्र्यापासून अर्धं सुटलेलं, आणि नव्याशेजारी ठेवल्यावर बारा मिलिमीटर चेपलेलं. वरून ते शाबूत दिसत होतं, कारण इंजिनाचं वजन त्याला दाबून धरत होतं.

सपाट रस्त्यावर हे कधी कळलं नसतं. इंजिन ३०० न्यूटन-मीटर देत असेल, पहिला गिअर चारपट आणि लो रेंज अडीचपट करत असेल, तर शाफ्टवर तीन हजार न्यूटन-मीटर जातात, आणि तेवढाच उलटा पीळ इंजिन-गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर येतो. त्याच वेळी होजमध्ये सव्वा बारहून जास्त बूस्ट. ६० मिलिमीटरच्या तोंडावर तेवढा दाब होजला सुमारे ३७ किलोच्या ताकदीने पाइपवरून मागे ढकलतो. एवढं नीट बसवलेला क्लॅम्प आरामात धरतो. पण त्यात इंजिनाने प्रत्येक झटक्याला चार सेंटिमीटर ओढलं तर कधीतरी तो हात सोडणारच. खरं तर पहिली चीरही म्हातारपणाने तेवढी पडली नव्हती, जेवढी ब्रॅकेटवर घासून. पुरावा माझ्या मोबाइलमध्ये चार महिने पडून होता.

दोन्ही बाजूंची इंजिन माउंटिंग बदलली. गिअरबॉक्सचं ठीक होतं. थंड बाजूला मधोमध फुगीर वळी असलेला, तसाच अस्तराचा होज मागवून घातला, आणि ब्रॅकेटची धार कानसीने गोल केली. मॅनिफोल्डचं तोंड पुसलं, मॅप सेन्सरवरची काजळी काढली. या दुसऱ्या फेरीच्या मजुरीचा विषय मालकांनी काढला तेव्हा मी त्यांना दोन्ही पट्ट्यांचे फोटो शेजारीशेजारी दाखवले आणि होजचं काम माझ्याकडे राहील म्हटलं.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यांदाच दिसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"दिसलं होतं. बघितलं नव्हतं."

खडूच्या खुणा आता त्याच झटक्याला सेंटिमीटरभर सरकतात. मागच्या सर्व्हिसला गाडी आली तेव्हा २ लाख ७४ हजार झाले होते. दोन्ही होज बाहेरून कोरडे, ब्रॅकेट आणि होजमध्ये बोट आडवं जाईल इतकी जागा, चढावर २२६ किलोपास्कल. टर्बो अजून तोच आहे.